मुस्लिम बाईसाठी वेगळं आधारकेंद्र हवं, की आहे तेच पुरेसं?

मिरजेची_शाहीन

मी मिरजेत एका महिला मंडळात आठवड्यातून दोन दुपारी बसते. एक खोली, एक स्टीलचं कपाट, पाण्याचा माठ, एवढंच मंडळ. गेल्या महिन्यात सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी आली. बुरख्याच्या आत कापडी पिशवी पोटाशी घट्ट धरलेली. पिशवीत निकाहनामा, दोन मुलांचे जन्मदाखले आणि एक्स-रेचं पाकीट. डाव्या हाताची करंगळी वाकडी जुळलेली. दवाखान्यात तिने 'दारात सापडली' असं सांगितलं होतं. दार कुणी लोटलं ते आम्हाला सांगितलं, तेही तिसऱ्या भेटीत.

आमच्याकडे येण्याआधी ती दोन ठिकाणी जाऊन आली होती. जमातीत, म्हणजे मोहल्ल्याच्या समाज-कमिटीत म्हणाले, "सबर कर बेटी, मर्द का गुस्सा है, उतर जाएगा." चौकीत म्हणाले, "तुमच्यात तीनदा म्हटलं की सुटतं ना? मग तक्रार कशाची?" ती मला म्हणाली, "आपा, चौकीत मारापेक्षा माझ्या मजहबबद्दलच जास्त विचारलं."

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोहल्ल्यातल्याच बायकांनी चालवलेलं वेगळं केंद्र हवं. निकाहनामा उर्दूत असतो, तो वाचता यावा लागतो. मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, किती ठरला, दिला की बाकी ठेवला, हे त्यात बघावं लागतं. तलाक झाला की घरचे तिला इद्दतीत, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या ठरलेल्या काळात, उंबरा ओलांडू देत नाहीत. ती तीन महिने कुठल्याच कचेरीत येणार नाही, तिच्या घरी आपल्यालाच जावं लागतं. हे बाहेरच्या समुपदेशकाला कुणी सांगायचं? तुम्हाला काय वाटतं?

अनिकेत_सांगली

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. नवऱ्याच्या हातातला पट्टा जात-धर्म बघत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या बायकांना सारखा आहे. धर्मागणिक केंद्रं काढली तर उद्या ठाणेदार म्हणेल, "तुमच्यासाठी तिकडे सोय आहे, तिकडे जा." ज्याने 'तुमच्यात' असं म्हटलं, त्याला सुधारायचं सोडून आपण बाईलाच दुसरं दार दाखवतोय.

शिवाय मोहल्ल्यातलं केंद्र म्हणजे मोहल्ल्याला लगेच कळणार. त्यापेक्षा वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं 'दिलासा' बघा. महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० च्या सुमारास ते सुरू केलं. बाई औषधाला म्हणून रुग्णालयात येते, केसपेपर काढते आणि तिथेच समुपदेशकाशी बोलते. सासूला विचारायला जागाच राहत नाही. तशी खोली प्रत्येक सरकारी दवाखान्यात व्हायला हवी. आपला पैसा आणि जोर तिथे लावायला हवा.

रत्नागिरीची_भाभी

अनिकेतदादा, रुग्णालयाचं बोललात ते बरोबर. पण दुखापत नसते तेव्हा बाई काय सांगून बाहेर पडणार? माझ्या नणंदेला कधी कुणी हात लावला नाही. नवरा आखातात. पाच वर्षांत पैसे नाहीत, फोन नाही, तलाकही नाही. तिने खुला, म्हणजे बायकोने स्वतः मागितलेली सुटका, मागितला तर निरोप आला, मेहर सोड आणि दागिने परत कर, मग बघू. तिने सगळं सोडलं. तरी 'बघू' तसंच राहिलं.

त्या पाच वर्षांत तिला एकाही माणसाने सांगितलं नाही की १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. नवऱ्याने दोन वर्षं खर्च दिला नाही, तर तेवढ्या कारणावर बाई कोर्टात निकाह तोडून मागू शकते, नवऱ्याची हो असो वा नसो. चार वर्षं पत्ता नसला तरी मागू शकते. आमच्या मौलवींना हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

तेव्हा शाहीन, केंद्र वेगळं हवंच, पण जमातीच्या कचेरीतली एक खोली देऊन त्याला केंद्र म्हणू नका. त्या जिन्यावर माझी नणंद चढणार नाही.

वकील_सोलापूर

मी पंधरा वर्षं ही प्रकरणं चालवतेय. मत नंतर, आधी कायद्याबद्दल, कारण इथे वाचणाऱ्या कुणाला तरी लागेल.

चौकीने परत पाठवलं म्हणून थांबायचं नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. स्वतः करा किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करा. राहत्या घरातून तिला बेकायदा काढता येत नाही, मग ते घर सासऱ्याच्या नावावर का असेना. पोटगी, मुलांचा ताबा, मारहाणीपासून संरक्षण, सगळं एकाच अर्जात मागता येतं. कायदा म्हणतो साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात खूप जास्त लागतात, म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न विचारत नाहीत.

तलाक झाला असं नवऱ्याने नुसतं कोर्टात लिहून दिल्याने तो होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात २००२ सालीच सांगितलंय की तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो. फतवा किंवा दारुल कझाचा, म्हणजे शरियत पंचायतीचा, निवाडा कुणावर कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. आणि त्याच न्यायालयाच्या १० जुलै २०२४ च्या निकालानंतर तलाकशुदा मुस्लिम बाईला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) खाली पोटगी मागता येते यात शंका उरली नाही. हेच सांगणारा शाहबानोचा निकाल १९८५ चा. मधल्या एकोणचाळीस वर्षांत किती बायका 'तुम्हाला ते कलम लागू नाही' हे ऐकून घरी गेल्या असतील, याचा विचार केला की मला झोप येत नाही.

आता मत. अशिलांमध्ये मला फरक दिसतो तो एकच. जी एखाद्या गटातून येते तिच्यासोबत तारखेला कुणीतरी असतं. जी एकटी येते ती तिसऱ्या-चौथ्या तारखेनंतर येत नाही. गट कुठल्या धर्माचा याने मला फरक पडत नाही.

बागवान_गल्ली

सगळं वाचलं. मी जमातीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे राग येईल तरी लिहितो.

आमच्या एखाद्या घरातली गोष्ट बाहेर गेली की ती त्या बाईची राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावर भाषणं होतात, आमच्या सगळ्या कौमला नावं ठेवली जातात. २०१९ चा कायदा बघा. एका दमात तीन तलाक म्हटलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. तो तलाक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानेच रद्द आहे, मग कैद कशाची? नवरा आत गेला तर पोटगी कोण देणार? बायको टाकून देणारा बाकीच्या समाजात नाही का? त्याला तेवढ्यासाठी कुणी आत टाकतं का?

सुधारणा आतून होऊ द्या. निकाहनाम्यात अटी लिहून घ्या, मेहर रोख द्या, कमिटीत चार बायका घ्या. मी स्वतः हा ठराव मांडणार आहे.

मिरजेची_शाहीन

भाई, २०१९ च्या कायद्याबद्दल तुमचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्या बायकांना नवरा तुरुंगात हवा असतो. त्यांना छप्पर हवं असतं, मुलांची फी हवी असते, रात्री दाराला आतून कडी लावून झोपायचं असतं.

पण आतून होऊ द्या हे आम्ही किती वर्षं ऐकायचं? १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम बायका तोंडी तलाक बंद करा म्हणून मुंबईत सचिवालयावर गेल्या होत्या, सातच. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. त्या मंडळाचे सय्यदभाई तर सख्ख्या बहिणीचा तलाक पाहून या कामात आले. १९८५ ला कोल्हापुरातून तलाकमुक्ती मोर्चा निघाला. ही सगळी आतलीच माणसं होती ना? त्यांच्यावर दगड कुणी टाकले? मुंबईत आवाज-ए-निस्वाँच्या बायकांनी, नंतर भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायकांनी काम उभं केलं, त्याही आतल्याच. कुराण हातात घेऊन बोलल्या तरी त्यांना बाहेरच्या ठरवलं गेलं.

आमच्या बदनामीचं भय खरं आहे, मीही त्याच गल्लीत राहते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून किती कुटुंबं मुंब्र्याला का गेली हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या भीतीची किंमत दरवेळी त्या करंगळीवालीनेच का द्यायची? तुमचा ठराव मांडा. चार बायका घ्या आणि त्यांना मत द्या, नुसती खुर्ची नको. मी येईन ऐकायला.

अनिकेत_सांगली

शाहीनताई, ठाणेदाराबद्दलचं माझं मत मी सोडत नाही. त्याच्यावर वरिष्ठांकडे लेखी तक्रार व्हायलाच हवी, अर्ज टाईप करून द्यायला मी येतो. पण वकीलताईंनी तारखेला सोबत असण्याचं लिहिलं ते वाचून थांबलो. दवाखान्यातली खोली ते करू शकत नाही. पीडित बायकांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्येही साधारण पाच दिवस राहता येतं. सहाव्या दिवशी ती कुठे जाते, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

रत्नागिरीची_भाभी

सहाव्या दिवशी ती माहेरी जाते, दादा. आणि माहेरचे चाळिसाव्या दिवशी परत पाठवतात.

मिरजेची_शाहीन

काल ती मुलगी परत आली होती. अर्ज अजून करायचा नाही म्हणाली, धाकट्याची परीक्षा होऊ दे. मी जबरदस्ती केली नाही. तारीख तिने ठरवायची. जाताना तिने पिशवीतून निकाहनामा आणि एक्स-रे काढले आणि विचारलं, "आपा, हे तुमच्या कपाटात राहू द्याल? घरी त्याच्या हाताला लागले तर फाडेल." मी खालचा कप्पा रिकामा करून दिला. पाकिटावर नाव नको म्हणाली, म्हणून हिरव्या शाईने एक फूल काढलंय.

वकीलताई, परीक्षा संपल्यावर तुम्हाला फोन करीन.