मदत हवी आहे: रात्री अंगण लख्ख दिसतं, पण माणसाचा चेहरा कळत नाही

गेल्या आठवड्यात पहाटे जिन्याखालून मुलीची सायकल गेली. कॅमेरा बरोबर समोर आहे, त्यामुळे चेहरा मिळेल अशी खात्री होती. रेकॉर्डिंग उघडलं तर उभ्या सायकलच्या चाकाच्या तारा मोजता येतात, पण ती नेणाऱ्याच्या तोंडाच्या जागी नुसता पुसट पांढरा फराटा! तीन रात्री तेवढाच तुकडा पुढेमागे करून बघतेय. मुलीला काय सांगू ते कळत नाही.

कॅमेरा ४ मेगापिक्सेलचा, बुलेट (नळीसारख्या आकाराचा), २.८ मिमी लेन्स, छताखाली भिंतीला लागून, साधारण १० फुटांवर. रात्री आयआरवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावर चालतो. बसवला तेव्हा रात्रीचं चित्र अंधारं वाटलं म्हणून मीच सेटिंग बदललं होतं: शटर (एका चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ) १/१२ सेकंद, गेन (चित्राचा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) १००, डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही नीट दाखवणारी सोय) कायम चालू. मोबाइलवर रिकामं अंगण इतकं स्वच्छ दिसलं की निर्धास्त झाले.

आणखी दोन गोष्टी. माणूस दाराजवळ आला की चेहरा पांढराफटक होतो. आणि दिवेलागणीला चित्र रंगीत, काळंपांढरं, परत रंगीत असं चालू राहतं. आधी कशाला हात लावू?

प्रतिसाद:
ताई, सायकलचं वाचून वाईट वाटलं. आधी शटर बदला. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. १/१२ ला शटर उघडं असेपर्यंत तो ११-१२ सेंमी सरकतो, म्हणजे जवळपास चेहऱ्याच्या रुंदीइतका. चाक जागेवर होतं म्हणून तारा दिसल्या. १/५० ला हेच अंतर ३ सेंमीच्या आत येतं. वीज ५० हर्ट्झची असेल तर १/५० किंवा १/१०० च ठेवा, नाहीतर दिव्याच्या उजेडात चित्र लुकलुकतं.

गेनची कमाल मर्यादा ५०-६० वर आणून बघा. गेन वाढवून उजेड वाढत नाही, चित्रात दाणे वाढतात. ते दाणे घालवायला नॉइज रिडक्शन धावतं आणि हलणाऱ्या माणसालाच पुसून टाकतं. डब्ल्यूडीआर रात्री बंद करा. तो कमी-जास्त वेळाची दोन चित्रं एकत्र करतो, त्यात चालणारा माणूस दोन जागी उमटू शकतो. दिवसा दारामागून ऊन येत असेल तर मात्र तो हवाच. दिवस आणि रात्र यांचे प्रोफाइल वेगळे ठेवता येतात का ते मेनूत बघा.

धागाकर्ती:
सगळं केलं. फराटा गेला, पण आता अंगणाचा लांबचा अर्धा भाग काळाकुट्ट आहे.

प्रतिसाद:
तो अंधार खराच आहे, आधी शटर आणि गेन तो झाकत होते. पण दिवा घेण्याआधी एक बघा: चित्राच्या कडेला छत किंवा भिंत येते का? जवळच्या पांढऱ्या भिंतीवर आयआर आदळतो, कॅमेरा त्या पांढऱ्यावर एक्सपोजर (चित्र किती उजळ ठेवायचं ते) ठरवतो आणि लांबचं सगळं काळं पडतं. कॅमेरा थोडा खाली वळवून भिंत बाहेर काढा. काचेसमोर कोळ्याचं जाळं असेल तर तेही असंच चमकतं. जवळचे चेहरे पांढरे पडतात त्यावर स्मार्ट आयआर (कुणी जवळ आलं की आयआर आपोआप कमी करणारी सोय) चालू करा, नसेल तर आयआरची ताकद कमी करा. संध्याकाळच्या रंगीत-काळंपांढरं उड्यांसाठी डे-नाइट (दिवस-रात्र) बदलाचा विलंब ५ सेकंदांवरून ३०-६० वर न्या.

आणि तपासताना रिकाम्या अंगणावर जाऊ नका, घरातल्या कुणालातरी नेहमीच्या चालीनं चालायला लावा.

धागाकर्ती:
भिंतच होती! चौकटीचा डावा कोपरा तिनं भरला होता. काल रात्री मुलगी फाटकापासून दारापर्यंत चार वेळा चालली. दाराशी तिच्या चष्म्याच्या काड्या दिसतात, फाटकाशी अजून नाही. तिथे दिवा लावतेच. सेन्सरचा घेऊ की कायम चालू राहणारा?

प्रतिसाद:
कायमचा, आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर येणार नाही असा. सेन्सरचा दिवा एकदम लागला की एक्सपोजर जुळायला एखाद-दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात माणूस फाटक ओलांडून आत आलेला असतो.