मदत हवी आहे: पॅनलचे स्क्रू एकाच पावसाळ्यात गंजले, आता कोणते घेऊ?

बोरिवलीतली जुनी बिल्डिंग, विटांची भिंत. गेल्या दिवाळीत हॉलच्या एका भिंतीला पॅनलिंग करून घेतलं. पाऊण इंची लाकडी पट्ट्यांची फ्रेम, त्यावर १२ मिमी प्लाय, लांबी (पुट्टी) भरून रंग. सुताराने सगळीकडे जिप्समचे काळे स्क्रू मारले. यंदाच्या पावसात प्रत्येक स्क्रूच्या जागी तपकिरी ठिपका उमटला. भिंतीला गोवर आल्यासारखं दिसतंय! शिवाय खिडकीकडचा कोपरा भिंतीपासून सुटलाय. तिथला एक स्क्रू ओढला तर गिट्टीसकट (भोकात ठोकतात ती प्लास्टिकची खुंटी) हातात आला, मागोमाग मूठभर प्लास्टरचा भुगा.

कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला म्हणतो, "डेढ इंच ले जाओ, सब में चलता है." खरंच चालतं का? स्टीलचे घेऊ की पिवळे? आणि नुसत्या गोंदावर भागेल का? आता सुट्टी काढून स्वतःच करायचा विचार आहे.

प्रतिसाद १

दीड इंच सगळीकडे चालत नाही, कारण तुमची कामं दोन आहेत आणि स्क्रूही दोन लागतात.

पहिलं काम, पट्टी भिंतीला. पट्टी १९ मिमी, प्लास्टर साधारण १५, आणि त्यापुढे विटेत निदान ३० मिमी पकड हवी. बेरीज ६४, म्हणजे ८ नंबरचा (नंबर म्हणजे स्क्रूची जाडी) अडीच इंची. दीड इंची म्हणजे ३८ मिमी. पट्टी आणि प्लास्टर मिळूनच ३४ झाले, मग विटेत शिरणार काय? तुमची गिट्टी प्लास्टरमध्येच बसली होती, म्हणून भुगा आला. ६ मिमीचा बिट, ६ ची नायलॉन गिट्टी. भोक गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल पाडा आणि धूळ फुंकून काढा (डोळे मिटून, अनुभवाचे बोल). गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे, विटेत ठोका.

दुसरं काम, प्लाय पट्टीला. १२ आणि १९ मिळून ३१. इथे दीड इंची मारलात तर टोक पट्टीतून बाहेर येऊन भिंतीला टेकेल आणि पट्टीलाच मागून रेटेल. सव्वा इंचीसुद्धा काठावर आहे. ६ नंबरचा एक इंची पुरे, फूटभर अंतराने. कडेपासून इंचभर आत घ्या, आधी २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते.

काळे स्क्रू कोरड्या जिप्सम बोर्डासाठी असतात. त्यांच्यावर फॉस्फेटचा पातळ थर असतो, मुंबईच्या दमटपणात तो टिकत नाही. शिवाय ते ठिसूळ, वजन आलं की माथा तुटतो. पिवळे म्हणजे झिंकवाले, कोरड्या आतल्या भिंतीला ठीक. तुम्ही ३०४ ग्रेडचे स्टेनलेसच घ्या. एकदम समुद्रासमोर घर असेल तर ३१६. स्टेनलेस मऊ असतं, ड्रिलचा जोर कमी ठेवा, शेवटचे दोन आटे हाताने फिरवा. चुंबक लावून पारखायला सांगतात त्यावर विसंबू नका, हलक्या ग्रेडचं २०२ सुद्धा चुंबकाला सहसा चिकटत नाही. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाऊन ग्रेड सांगून पॅकेटच घ्या, सुटे नकोत.

गोंदाचं म्हणाल तर ओल्या भिंतीवर नुसता गोंद म्हणजे प्लास्टरचा पापुद्रा पॅनलसकट खाली.

पण मला स्क्रूपेक्षा तुमच्या भिंतीची काळजी वाटते. ही बाहेरची भिंत आहे का?

प्रतिसाद २

वरच्या हिशेबाला अनुमोदन. फक्त तो विटांसाठी आहे. कोणी सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीवर हेच करू पाहील तर साधी गिट्टी फिरत राहते, त्या ब्लॉकची वेगळी मिळते. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायरिंगचे पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात. आमच्याकडे एका भोकाने आख्ख्या हॉलची वीज घालवली होती.

धागाकर्ता

हो, बाहेरचीच. पश्चिमेची, सगळा पाऊस झेलते. खरं सांगायचं तर पॅनल लावलं तेच ओलीचा डाग झाकायला.

प्रतिसाद १

वाटलंच! मग स्क्रू सोन्याचे लावलेत तरी प्लाय आतून कुजेल. सुटलेल्या कोपऱ्यातलं प्लाय काढा, उघड्या भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येतेय. तसं असेल तर आधी बाहेरून भेगा आणि वॉटरप्रूफिंग, सोसायटीच्या मागे लागा. भिंत पूर्ण वाळेपर्यंत प्लाय लावू नका.

धागाकर्ता

प्लास्टिक चिकटवलंय. आई विचारतेय, भिंतीला बँडेज कशाला? थेंब दिसले की कळवतो. सोसायटीचं पत्र मात्र आजच लिहायला घेतलंय, कारण तिथे गिट्टी बसायला सहा महिने लागतात.