लिटरला ४० मिली टू-टी : ‘जास्त म्हणजे सुरक्षित’ हे कुठलं शास्त्र?

ठाकुरद्वार_टूस्ट्रोक
काल चेतकच्या (बजाजच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या) चर्चेत, पेट्रोलमध्ये मिसळायच्या ‘टू-टी’ म्हणजे टू-स्ट्रोक ऑइलबद्दल धूरवाला यांनी ठोकून दिलं: “लिटरला ४० मिली घाला, इंजिन कधी सीज (जाम) होणार नाही. जासो (ऑइलची जपानी प्रतवारी) वगैरे डब्यावरची नक्षी. टू-टी नसेल तर फोर-स्ट्रोकचं २०-डब्ल्यू-४० चालतं.” तीन वाक्यं, तिन्ही चूक, आणि खाली बारा जण ‘धन्यवाद सर’ म्हणून मोकळे. म्हणून वेगळं लिहितोय.

४० मिली म्हणजे २५:१ (२५ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल). जावा-येझदीच्या काळात साधं एसएई ३० किंवा ४० ऑइल पेट्रोलमध्ये ओतायचे, तेव्हाचं ते प्रमाण. आजच्या जासो एफसी-एफडी प्रतीच्या ऑइलला चेतकसाठी ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली पुरतं. वरचं ऑइल जळत नाही. ते प्लगवर, एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला आणि सायलेन्सरच्या जाळीत जाऊन बसतं. मग गाडी ओढत नाही म्हणून लोक पिस्टन-रिंग बदलतात.

शिवाय कार्ब्युरेटरच्या जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) जाणारं द्रव तेवढंच. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं.

फोर-स्ट्रोकचं ऑइल तर नकोच. ते जळायला बनवलेलंच नाही. त्यातल्या कॅल्शियम-झिंकची राख पिस्टनच्या डोक्यावर बसून तापते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. प्लगच्या फटीत राखेचा धागा जमला की ठिणगीही बंद.

धूरवाला
प्रवचनाबद्दल आभार. २० चं ४० केलं तर पेट्रोल किती घटलं? दोन टक्के. दोन टक्क्यांनी कुणाचा पिस्टन वितळला नाही.

आणि पंपावर जे ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं त्याचं काय? इथेनॉलच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजनच. साध्या पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. जेट जुनाच ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्के लीन. तिकडे डोळेझाक आणि माझ्या २० मिलीवर निबंध?

साधा_प्लग
लीनचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याला उत्तर ऑइल नाही, जेट आहे. स्पाको कंपनीच्या कार्बसारख्या (कार्ब्युरेटरसारख्या) कार्बमध्ये जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, शतांश मिलिमीटरमध्ये. क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायला १०० च्या जागी १०४ लागतो. नंबर प्रवाहाचा असेल तर १०८. दुकानात ‘एक मोठा द्या’ म्हणून चालत नाही.

ठाकुरद्वार_टूस्ट्रोक
विषय ऑइलच्या प्रमाणाचा आहे. ई-२० साठी वेगळा धागा काढा.

धूरवाला
सोयीचं नाही म्हणून वेगळा धागा! मुंबईच्या दमट हवेत ई-२० पाणी ओढतं, आठवड्यात टाकीच्या तळाला थर जमतो. तो थर कार्बमध्ये गेला की त्यात ऑइलचा पत्ता नाही. तुमचं ५०:१ तिथे काय करणार?

साधा_प्लग
अहो, आठवड्यात नाही. टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून येणारी वाफ फार हळू मुरते, आणि इथेनॉल जितकं जास्त तितकं पाणी वेगळं न होता सामावतं. खरं पाणी येतं झाकणाचं रबर कडक झाल्यावर, गाडी जुलैत उघड्यावर उभी राहिली की. चाळीस रुपयांचं रबर बदला.

शंका असेल तर १०० मिलीच्या मोजपात्रात ९० पर्यंत पेट्रोल, वर १० मिली पाणी. हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २७-२८ पर्यंत आला तर ई-२०, दहालाच थांबला तर इथेनॉल नाही. ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका, एवढी कृपा करा.

वेसावकर
‘ऑइल ते ऑइल’ म्हणणाऱ्यांनी हे पण वाचा. बोटीच्या आउटबोर्डचं (मागे बाहेरून लावायच्या इंजिनचं) टीसी-डब्ल्यू-३ ऑइल महाग म्हणून ‘भारी’ समजून स्कूटरला घालतात. ते पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं, त्यात राख होणारे, पण जास्त उष्णतेत रिंग साफ ठेवणारे घटक नाहीत. हवेवर थंड होणारं इंजिन ट्रॅफिकमध्ये तापलं की रिंग खाचेत चिकटते. उलट स्कूटरचं एफडी बोटीला घालू नका.

माटुंगा_९८सीसी
यामाहा आरएक्स मोटारसायकलवाल्यांना २० की ४० हा प्रश्नच नाही, ऑइल वेगळं देणारा पंप आहे. पण ‘पंपाचा भरवसा नाही’ म्हणत तो काढून टाकीत ऑइल ओतायची फॅशन आली आहे. कसाऱ्याचा घाट गिअरवर उतरताना थ्रॉटल बंद, इंजिन फिरतंय, पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. पंप मात्र इंजिनबरोबर फिरतो, थोडं का होईना, देत राहतो. मिश्रणवाल्यांनी उतारावर मधूनमधून थ्रॉटल उघडावा किंवा क्लच दाबावा.

पंप दगा देतो तो हवेमुळे. नळी काढली होती का? मग ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. पुढच्या नळीतली हवा जाईपर्यंत टाकीत लिटरला २० मिली घाला, आणि आयडलवर पंपाची केबल पूर्ण ओढून धरा. केबल सैल असेल तर पुलीवरची खूण जुळत नाही आणि ऑइल कमी पडतं. हे न बघता पंपाला शिव्या.

धूरवाला
म्हणजे ऑइल कमी पडलं की सीज होतं, हे मान्य? मग मी काय वेगळं म्हणत होतो?

ठाकुरद्वार_टूस्ट्रोक
कमी नको याचा अर्थ दुप्पट घाला असा होत नाही! आणि नक्षी म्हणालात ना, तर वाचा. एफबी, एफसी, एफडी तिन्हींना वंगणाची किमान पातळी एकच आहे. एफबीहून एफसीत धूर कमी. एफसी आणि एफडीत धुराची मर्यादाही सारखीच, एफडी फक्त कार्बन जास्त साफ ठेवतं. म्हणून ‘एफडी आहे, १० मिलीत भागेल’ म्हणणारेही तुमच्याच माळेचे मणी.

साधा_प्लग
दोघांनाही एक विचारतो. २० मिली घालूनही पांढरा धूर थांबत नसेल तर? गिअर ऑइलची पातळी बघा. उतरत असेल तर क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टवरची रबरी कडी) गेलं आणि इंजिन गिअर ऑइल पितंय. मॅग्नेटोकडचं (ठिणगीची वीज तयार होते त्या बाजूचं) गेलं तर उलट: हवा शिरते, आयडल आपोआप चढतं, इंजिन तापतं. सील दोनशे-तीनशेचं, पण त्यावर धागा निघत नाही.

आणि कृपया टाकीत आधी ऑइल ओतू नका. ते पेट्रोलहून जड, सरळ कॉककडे (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाकडे) जातं आणि पहिल्या किकलाच प्लग ओला. कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. पाच लिटरला १०० मिली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब रिकामा होईपर्यंत चालवा, नाहीतर पेट्रोल उडून जेटमध्ये चिकटा उरतो.

धूरवाला
सीलचं ठीक आहे. जेटचंही ठीक आहे, १०४ लावून बघतो. फोर-स्ट्रोक ऑइलचं अडीनडीला म्हणालो होतो, रोज घाला म्हणालो नव्हतो.

ठाकुरद्वार_टूस्ट्रोक
‘चालतं’ लिहिलं होतं. अडीनडी आज आली.

धूरवाला
बरं बाबा, ‘चालतं’ मागे. पण २० वर येणार नाही. कुर्ल्याच्या ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या इंजिनाला २५ मिली, त्याखाली थेंबभर नाही.

ठाकुरद्वार_टूस्ट्रोक
२५ मिली म्हणजे ४०:१. हाच ‘४०’ कुठेतरी वाचून मिली समजला होतात का?

धूरवाला
…सायलेन्सरची जाळी साफ करायला कॉस्टिक सोडा किती लिटर पाण्यात, तेवढं सांगा.

साधा_प्लग
आधी जाळी लोखंडी आहे का बघा. ॲल्युमिनियमचं हेड त्यात बुडवलंत तर उरणार नाही.