शेतघर की जुन्या वास्तूतले हॉटेल: निवड कशी करावी?

प्रश्न
येत्या सुटीत आई-वडिलांसह आठवडाभर ग्रामीण भागात राहण्याचा विचार आहे. एकाच साच्यातली हॉटेले नकोत. ज्या वास्तूला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे अशी जागा हवी, मग ते जुन्या गढीतले हॉटेल असो वा चालते शेतघर. अडचण अशी की, जाहिरातीत प्रत्येक जागा स्वतःला 'अस्सल' म्हणवते आणि छायाचित्रांतल्या लाकडी तुळया व हिरवळ सगळीकडे सारखीच दिसते. आरक्षणापूर्वी पारख कशी करावी? वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना जुनी वास्तू झेपेल का, हेही कृपया सांगावे.

उत्तर 1
तेथे खरोखर शेती होते का, हे आधी पाहावे. इटलीत 2006 च्या कायद्यानुसार 'आग्रितुरिझ्मो' (शेतावरचे पाहुणघर) म्हणवून घ्यायचे असेल, तर पाहुण्यांची सोय शेतीला जोडून असावी लागते आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा लागतो. फ्रान्समध्ये यजमानाच्या घरातील 'शाँब्र दोत' प्रकारच्या निवासाला 5 खोल्या आणि 15 पाहुणे अशी मर्यादा आहे. जेथे असे नियम नाहीत, तेथे यजमानाला एकच प्रश्न विचारावा: आम्ही येऊ त्या आठवड्यात शेतात कोणते काम सुरू असेल? शेतकरी असेल तर तो कापणी, छाटणी किंवा धारा काढण्याची वेळ दोन ओळींत सांगतो. ज्याने केवळ देखावा उभारला आहे, तो निसर्गरम्य वातावरणाचे वर्णन पाठवतो. माझ्या मते या एका उत्तरावरून जितके कळते, तितके डझनभर छायाचित्रांवरून कळत नाही.

उत्तर 2
वरील मत पटते, पण चालते शेत म्हणजे शांतता नव्हे, हे ध्यानात घ्यावे. दुभती जनावरे असतील तर पहाटेच गडबड सुरू होते, आणि कापणीच्या दिवसांत पाऊस येण्याआधी पीक घरात आणण्यासाठी यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालतात. आई-वडिलांची झोप सावध असेल, तर गोठ्यापासून दूरची खोली मागावी. उपग्रह नकाशाही अवश्य पाहावा. जाहिरातीत न दिसणारा महामार्ग, खाणीचा खड्डा किंवा कुक्कुटपालनाच्या लांबलचक शेड तेथे स्पष्ट दिसतात.

उत्तर 3
आपल्या वडिलांविषयी लिहितो. स्पेनमध्ये 1928 पासून सरकारी 'पारादोर' हॉटेले आहेत आणि त्यांतली अनेक जुन्या किल्ल्यांत व मठांत आहेत. त्यामुळे जुनी वास्तू म्हणजे गैरसोय, असे सरसकट समजू नये. मात्र निवड वास्तूची नव्हे, खोलीची करावी. जाड दगडी भिंतींतून दिवसाची उष्णता आत पोहोचायला कित्येक तास लागतात, म्हणून तळमजल्याची खोली भर दुपारीही गार राहते, तर त्याच घरात थेट छपराखाली असलेली खोली उन्हाळ्यात तापते. अशा वास्तूंत पुष्कळ खोल्या मागाहून बांधलेल्या भागात असतात. तेथे लिफ्ट मिळण्याची शक्यता अधिक, पण ज्यासाठी आपण जाणार ते जुनेपण तेथे नसते. तेव्हा खोली कोणत्या भागात आहे, अंगणापासून किती पायऱ्या आहेत, जिन्याला कठडा आहे का आणि न्हाणीघराचा उंबरठा किती उंच आहे, हे लेखी विचारावे, आणि जिन्याचे साधे, मोबाइलवर काढलेले छायाचित्र मागवावे. ते पाठवायला जो यजमान टाळाटाळ करतो, त्याच्याकडे आरक्षण करू नये.