प्रति: १९४४ नंतर प्रत्येक मुलाला शाळा मिळाली?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या प्रत्येक मुलाला शाळेची हमी मिळाली. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे.

या कायद्याखालच्या १९४५ च्या नियमांत विशेष गरजांचे अकरा प्रकार ठरवले गेले: अंध, कर्णबधिर, अपस्मार असलेले, मधुमेही, अगदी 'नाजूक प्रकृतीचे'सुद्धा. त्यांची सोय करणं स्थानिक शिक्षण मंडळावर बंधनकारक झालं. पण १९४४ च्या त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात 'शिकवण्यास अयोग्य' ठरलेली मुलं शिक्षण खात्याबाहेर काढायची तरतूद होती. एका मुलाबद्दल डॉक्टरांचा अहवाल जायचा, आईवडिलांच्या हाती नोटीस पडायची आणि ते मूल आरोग्य खात्याकडे वर्ग व्हायचं. मग मुलांना साध्या हातकामात गुंतवणारं एखादं केंद्र, रुग्णालय, नाहीतर सरळ घर. पालकांना मंत्र्यांकडे दाद मागता यायची, पण ते किती जणांच्या आवाक्यात असणार? हे कलम १९७१ पर्यंत टिकलं. पंचवीसहून जास्त वर्षं! मला याचा आजही संताप येतो.

बालमार्गदर्शन केंद्रांचं, म्हणजे वागण्याच्या किंवा मनाच्या अडचणी असलेल्या मुलांना मदत करणाऱ्या केंद्रांचं, चित्र मात्र बरं होतं. मनोविकारतज्ज्ञ मुलाशी बोलायचे, शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ चाचण्या घ्यायचे, समाजसेविका आईला शेजारच्या खोलीत बसवून घरची हकीकत ऐकायची. मुलाच्या वागण्याचं मूळ घरात आणि शाळेतही शोधायचं, हा विचार त्या काळी मोठाच होता. अशाच मुलांचा प्रश्न तपासणाऱ्या १९५५ च्या अंडरवुड समितीनेही जमेल तिथे मुलाला घरी ठेवूनच उपचार करा, असं सुचवलं. अडचण माणसांची होती. प्रशिक्षित माणसं कमी, त्यामुळे केंद्र गाठणं हे मूल कुठल्या भागात राहतं यावर ठरायचं.