सातवीतल्या पोराला फोन: कीपॅड की स्मार्टफोन? घरात दोन तट पडलेत

सिंहगडरोडकर_आई
पोरगं यंदा सातवीत गेलं, वय १२. आत्तापर्यंत "फोन नाही म्हणजे नाही" ह्यावर मी आणि नवरा एकमताने होतो (दुसऱ्या कशावर फारसे नसतो). पण आता क्लास टिळक रोडला लागलाय, मी बँकेतून सुटते साडेसहाला, नवऱ्याचं ऑफिस खराडीला, म्हणजे पोरगं बसने एकटं येणार. मागच्या बुधवारी बस राजाराम पुलाजवळ बंद पडली आणि पन्नास मिनिटं त्याचा काही पत्ता नाही. सासूबाईंनी देव पाण्यात घातले होते. शेवटी त्याने कंडक्टर काकांचा फोन मागून लावला तर तो बाबाला, कारण तोच एक नंबर त्याला पाठ, आणि बाबा मीटिंगमध्ये.

तर आता फोन घ्यायचाच. नवरा म्हणतो स्मार्टफोन घेऊ, मॅपवर दिसेल तरी कुठंय तो. मी म्हणते कीपॅड, फोन करायला आणि घ्यायला, बास. बजेट दहाच्या आत. नवऱ्याचा तीन वर्षं जुना हँडसेटही पडून आहे. अनुभव असेल तर सांगा, उपदेश सासूबाईंकडून रोज मिळतोय.

रात्रपाळी
तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. कीपॅड देऊन आपण फक्त स्वतःची समजूत घालतो की आपण चांगले पालक आहोत. मुलगी सहावीत असल्यापासून तिला स्मार्टफोन दिलाय. पहिल्या दिवसापासून गुगल फॅमिली लिंक, तिचं अकाउंट माझ्या अकाउंटखाली, कुठलंही ॲप टाकायचं तर माझ्या फोनवर परवानगी मागितली जाते, रोजचा वेळ ठरलेला, रात्री साडेनऊला फोन आपोआप लॉक होतो. कॉल आणि मॅप कायम चालू ठेवता येतात. लोकेशन दिसतं. एवढं सगळं फुकट मिळत असताना १२ वर्षांच्या पोराच्या हातात डबा कशाला?

ताराबाई_मोडक_नव्हे
मी शिक्षिका आहे, सातवी ते नववी शिकवते, म्हणून जरा लांबलचक लिहिते, सहन करा.

रात्रपाळी, तुमच्या मुलीबद्दल काही म्हणायचं नाही, पण फॅमिली लिंक वेळ मोजतं, त्या वेळात काय झालं ते मोजत नाही. २०२० मध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाली तेव्हा घरोघरी पोरांच्या हातात फोन आले, ते नंतर परत गेलेच नाहीत. आता माझ्या वर्गातल्या मुलांचा त्यांचा त्यांचा एक ग्रुप आहे, त्यात आम्ही नाही, पालकही नाहीत. खरं तर व्हॉट्सॲपचंच किमान वय १३ आहे, सातवीतली अर्धी मुलं त्यात बसतच नाहीत. गेल्या वर्षी त्या ग्रुपवर कुणीतरी एका मुलीचा चेहरा दुसऱ्या फोटोला लावून स्टिकर बनवलं, दोन दिवस ते फिरत होतं, मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. ज्याने केलं त्याच्या फोनवर "कंट्रोल" होतंच की हो, वडिलांनी मला स्वतः दाखवलं, रोज एक तास. स्टिकर बनवायला पाच मिनिटं लागतात.

आणि ताई, एक महत्त्वाचं. शाळेच्या गृहपाठाच्या ग्रुपमध्ये मुलाचा नंबर देऊच नका, तुमचाच द्या. संध्याकाळी घरी आलात की वाचून दाखवा. कटकट आहे, मान्य.

रात्रपाळी
मॅडम, स्टिकर काय फोनने बनवलं का, पोराने बनवलं. आमच्या वेळी संडासाच्या भिंतीवर लिहायचे.

ताराबाई_मोडक_नव्हे
भिंत घरी न्यायला येत नव्हती. रात्री अकरा वाजता उशाशी पण नसायची.

सोलापूर_मोबाईलवाला
ओ ताई, माझं दुकान आहे नव्या पेठेत, १४ वर्षं झाली. मी दोन्ही विकतो, मला दोन्हीकडून पैसे, त्यामुळं खरं सांगतो बघा.

कीपॅड घेणार असाल तर ४जी कीपॅडच घ्या. लोकं घरातला जुना नोकिया काढून आणतात, त्यात जिओचं सिम घालतात आणि म्हणतात नेटवर्क येईना. येणारच नाही की ओ, जिओला २जी नाहीच. एअरटेल, व्हीआयचं सिम चालंल त्यात, पण जिओला ४जीच हँडसेट लागतो. हजार ते अडीच हजारात येतो. आणि जिओभारत, म्हणजे जिओचाच कीपॅड फोन, घेतला तर त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, ते डोक्यात ठेवून घ्या, नंतर माझ्याशी भांडायला येतात.

रिचार्जचं पण कुणी सांगत नाही. ट्रायनं (मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ च्या डिसेंबरात कंपन्यांना सांगितलं की नुसतं बोलायचं आणि एसएमएसचं रिचार्ज ठेवा, डेटा नको असणाऱ्याला डेटाचे पैसे कशाला. आता तसले प्लॅन आहेत, ८४ दिवसांचा साधारण साडेचारशे पावणेपाचशेत बसतो. दुकानात मागावा लागतो, आपणहून कोण दाखवत नाही. (मी दाखवतो.)

सिम तुमच्या नावावरच निघंल, १८ च्या आतल्याला सिम देत नाहीत. म्हणजे पोरानं त्या नंबरवरून काय उद्योग केला तर पोलीस तुम्हाला विचारणार, हे पोराला पण सांगून ठेवा.

आणि मिस्टरांचा जुना हँडसेट देताय तर पहिलं बघा त्याला सिक्युरिटी अपडेट येतंय का बंद झालंय. बंद झालं असंल तर त्यात बँकेचं, यूपीआयचं काहीच ठेवू नका. नुसतं लॉगआउट नाही, पूर्ण रिसेट मारून द्या. एक गिऱ्हाईक असंच जुना फोन पोराला देऊन बसला, त्यात त्याचं कार्ड सेव्ह होतं, पोरानं गेममध्ये बंदुकी घेतल्या अठरा हजाराच्या. माझ्याकडं आला परत मिळतील का विचारायला. मी काय सावकार आहे काय.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरावच केला, १८ च्या आतल्या पोट्ट्यांले मोबाईल बंद. विषय संपला. तुम्ही पुण्याचे लोकं काहून इतकं किचकट करता राजेहो.

कडेगावचा_पाव्हणा
आमच्या तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव पण त्याच वर्षीचं. तिथं बंदी नाही, रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. पण त्यात खरी गोम अशी की बंद *सगळ्यांचे* असतात, आई मालिका बघत नाही, बाप व्हॉट्सॲपवर नाही. म्हणून चाललं. पोराचा फोन काढून घ्यायचा आणि आपण सोफ्यावर रील बघत पडायचं, हे कुठल्या कीपॅडनं सुटणार?

रात्रपाळी
पाव्हणं, हे मात्र पटलं. माझा स्वतःचा स्क्रीन टाइम काढू नका, इथं लिहितानाच बायको बघतेय.

दहावी_ब
मी १५ चा आहे, बोलू का? सगळे आमच्याबद्दलच बोलताय म्हणून.

१. फॅमिली लिंकबद्दल. माझ्या फोनमध्ये होतं. मी आजीच्या फोनवर बघायचो. आजीला यूट्यूब मीच लावून देतो, तिला काय कळतंय. आणि आईचा पिन म्हणजे माझीच जन्मतारीख होती, मला ओळखायला एक दिवस लागला.
२. कीपॅडबद्दल. आमच्याकडे रविवारची मॅच ग्रुपवर ठरते, किती वाजता, कुठलं ग्राउंड, कोण बॅट आणणार. एकाकडे फोन नाही. त्याला मुद्दाम कोणी वगळत नाही पण कोणी सांगत पण नाही. तो एकदा आला तेव्हा अकरा जण झाले होते, तो कट्ट्यावर बसून बघत होता. आता येतच नाही. हे आईबाबांना दिसत नाही म्हणून सांगितलं.

मुद्द्यांना नंबर द्यायचे नव्हते पण सवय झालीय, बोर्डाची तयारी चालूय.

सिंहगडरोडकर_आई
दहावी_ब, पहिला मुद्दा वाचून सासूबाईंच्या फोनला आत्ताच लॉक टाकलं, त्या चिडल्यात. दुसरा मुद्दा मात्र मनात घर करून बसलाय.

ताराबाई_मोडक_नव्हे
बाळा, त्या मित्राला तू लँडलाइनवर किंवा त्याच्या आईच्या फोनवर एक कॉल केला असतास तर?

दहावी_ब
मॅडम, कॉल कोण करतं? पण बरोबर आहे. करतो.

मेलबर्नकर
इकडची गोष्ट सांगते, कारण भारतात पण लोक "कायदा करा, कायदा करा" म्हणतात. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट वगैरेंवर अकाउंट ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना, जास्तीत जास्त ४ कोटी ९५ लाख डॉलर, मुलांना किंवा पालकांना नाही. माझी मुलगी १४ ची, तिचं अकाउंट गेलं, दोन दिवस घरात सुतक. मग सगळ्या मैत्रिणी व्हॉट्सॲपवर आल्या, ते बंदीत नाही. म्हणजे गप्पा तेवढ्याच, पण अनोळखी माणसं आणि न संपणारं स्क्रोलिंग कमी झालं, एवढा फरक मला नक्की दिसला.

शाळेचं मात्र फार बरं आहे. व्हिक्टोरियात सरकारी शाळांमध्ये २०२० पासून सकाळच्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन लॉकरमध्ये. कुणाकडे कुठला फोन आहे हे मधल्या सुट्टीत दिसतच नाही, त्यामुळे दाखवायची हौसही कमी. तुमच्या शाळेत काय नियम आहे ताई? फोन शाळेत न्यायचाच नसेल तर तो क्लासपर्यंत राहणार कुठे?

सिंहगडरोडकर_आई
बंदीच आहे, सापडला तर जप्त, पालकांनी येऊन न्यायचा. पण शाळा साडेबाराला सुटते, तो जेवायला घरी येतो आणि मग क्लासला जातो. तेव्हा घ्यायचा, आल्यावर सासूबाईंच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवायचा असं डोक्यात आहे.

पार्ल्याचा_जावई
घड्याळ घ्या ना! सिमवालं मुलांचं घड्याळ, जीपीएस, कॉल, एसओएस बटण. आमच्या भाच्याला घेतलं.

सोलापूर_मोबाईलवाला
साहेब, भाच्याचं घड्याळ अजून चालू आहे का?

पार्ल्याचा_जावई
...चार्जिंग रोज करावं लागतं ते होत नाही. ड्रॉवरमध्ये आहे.

सोलापूर_मोबाईलवाला
तेच म्हणतो. घेताना पोरगं खूष, महिन्यानं ड्रॉवर. शिवाय स्वस्तातल्या घड्याळांचं ॲप कुठल्या कंपनीचं, पोराचं लोकेशन कुठल्या देशात साठतंय, मला विकताना पण माहीत नसतं, खोटं कशाला बोलू.

रात्रपाळी
शेवटचं सांगतो मग झोपतो (म्हणजे ऑफिसला जातो). सगळे लोकेशनचा मुद्दा सोडून पळालेत. बुधवारी बस बंद पडली तेव्हा ताईंना काय हवं होतं? पोरगं कुठंय ते. कीपॅडवर हे कळत नाही. फोन केला, त्याने नाही उचलला, मग काय? परत देव पाण्यात. तुम्ही फॅमिली लिंक लावा, पिन कृपया जन्मतारीख ठेवू नका, ब्राउझर आणि यूट्यूब बंद करा, आणि तोच स्मार्टफोन कीपॅडसारखा वापरू द्या. वर्षाने एकेक गोष्ट उघडत जा. कीपॅड दिलात तर तेरावीला एकदम धरण फुटेल.

ताराबाई_मोडक_नव्हे
पोराला दर मिनिटाला नकाशावर बघणं हे पोरासाठी की आपल्यासाठी, हा प्रश्न मला पडतो. आम्ही आकाशवाणीच्या बातम्यांपर्यंत घरी यायचो, आणि तेवढंच आईला माहीत असायचं.

रात्रपाळी
तेव्हा वाटेत ओळखीची चाळीस माणसं असायची मॅडम. आता सिंहगड रोडवर हेल्मेटं ओळखीची आहेत फक्त.

सिंहगडरोडकर_आई (तीन आठवड्यांनी)
विचारताय म्हणून सांगते. ४जी कीपॅड घेतला, अठराशेचा, सिम माझ्या नावावर, नुसतं बोलायचं रिचार्ज. नवरा अजून नाराज आहे, त्याचा तो जुना हँडसेट रिसेट करून घरात वायफायवर ठेवलाय, हॉलमध्येच वापरायचा, रविवारची मॅच ठरवायला माझ्या नंबरवरून बोलतो. म्हणजे मी आता सातवी क च्या क्रिकेट ग्रुपवर आहे, रात्री साडेदहाला मला "भाई उद्या येणार का" असे मेसेज येतात. ह्या वर्षी एवढंच, आठवीत परत भांडू.

आणि हो, आमचे दोघांचे, आजीचे आणि शेजारच्या काकूंचे असे चार नंबर पाठ करून घेतले, ते त्या बुधवारमुळे.

परवा पाऊस आला, बस अर्धा तास लेट. ह्याचा फोन लावला तर रिंग देव्हाऱ्याजवळ वाजली. विसरून गेला होता. मग सातला मला एका अनोळखी नंबरवरून फोन, "आई, मी आहे, पाऊस आहे म्हणून वेळ लागतोय." कंडक्टर काका तेच होते.

रात्रपाळी
म्हणजे फोन कंडक्टरलाच घेऊन द्यायला हवा होता. तो तरी स्मार्टफोन घ्या, लोकेशन दिसेल.