उत्तर: जंगलातली औषधी झाडं आणि विषाणू

काही जण म्हणतात की वर्षावनातल्या झाडांतून विषाणूंवर चालणारं काही निघाल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी मलेशियातल्या सारवाकच्या बिंतांगोर या झाडाबद्दल जरूर वाचावं. १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी तिथल्या दलदलीच्या जंगलातून या झाडाची पानं-डहाळ्या गोळा केल्या. त्यातून कॅलनोलाइड ए नावाचं द्रव्य मिळालं. एचआयव्ही स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवायला जे विकर (एन्झाइम) वापरतो, त्यालाच ते अडवतं. जास्त नमुने आणायला माणसं परत गेली, तर मूळ झाड तोडलेलं! आसपासच्या त्याच जातीच्या झाडांत हे द्रव्य जवळपास नव्हतंच. शेवटी सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात जपलेली झाडं कामी आली. हे वाचलं की जीव अक्षरशः तुटतो.

पुढे ते प्रयोगशाळेत बनवता आलं, माणसांवर सुरुवातीच्या चाचण्याही झाल्या, पण औषध बाजारात आलेलं नाही. आपल्या कोकणातली उंडी याच कॅलोफायलम प्रजातीतली, आणि तिच्यातही याच विकराला रोखणारी द्रव्यं सापडली आहेत. पण म्हणून कृपा करून कोणी उंडीचं तेल पोटात घेऊ नका. परीक्षानळीत विकर थांबणं वेगळं, रुग्ण बरा होणं वेगळं. एचआयव्हीची औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात, ती सोडू नका.